खांद्यावरचा दुपट्टा

आमच्या यवतमाळकडे दुपट्टा म्हटला की बाई आठवत नाही, बाप्या आठवतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे सांगितलं की ती हसतात. त्यांच्या लेखी दुपट्टा म्हणजे पंजाबी ड्रेसवरची ओढणी. आमच्याकडे तो शेतकऱ्याच्या खांद्यावर असतो. पांढरा नाहीतर चौकडीचा, दोनेक मीटर लांबीचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला. उन्हात तो डोक्याला गुंडाळायचा, धूळ उडाली की नाकातोंडावर घ्यायचा, धुऱ्यावर भाकर खाताना अंथरायचा, खाऊन झालं की त्यालाच हात पुसायचे. बाजारात पिशवी विसरली तर वांगी त्यातच बांधायची. आणि एसटी लागली रे लागली की खिडकीतून सीटवर फेकून जागा धरायची. खिडकीतून पडलेल्या दुपट्ट्याचा मान आमच्याकडे रिझर्व्हेशनच्या तिकिटापेक्षा जास्त आहे. तो उचलून बाजूला ठेवण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही.

श्रोतेहो, मला या कापडाचा नाद आहे. छंद म्हणत नाही, कारण छंदात शिस्त असते, वह्या असतात, नोंदी असतात. माझ्याकडे एक लोखंडी पेटी आहे आणि तिच्यात आजघडीला त्रेचाळीस नग आहेत. दुपट्टे, रुमाल, गमछे, मफलर, एक-दोन ओढण्या. आणि मी ते सगळे वापरतो. पाळीपाळीनं गळ्यात घालतो. नुसतं घडी घालून ठेवलेलं कापड घडीवरच चिरतं, हे मला अब्बांनी लहानपणी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ठेवणीतलं कापड ही कल्पनाच मला पटत नाही. घरचे म्हणतात, कवी माणूस आहे, शब्द जमवायचे सोडून फडकी जमवतो.

खरं तर शब्दही त्या फडक्यांतच सापडतात. रुमाल हा फारसी शब्द. 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. चेहरा पुसायचा तो रुमाल. आमच्याकडची जुनी माणसं हातरुमालाला दस्ती म्हणतात. 'दस्त' म्हणजे हात, म्हणून दस्ती. गळ्याला बांधतात तो गुलूबंद. पूर्वेकडचा गमछा म्हणजे अंग पुसायचं वस्त्र. अमेरिकेतले गुराखी गळ्यात जो बँडाना बांधतात तो शब्द तर इकडूनच गेलेला. आपल्या बांधणीच्या कापडाचं नाव जहाजातून विलायतेला गेलं, तिथून अमेरिकेला, आणि आता आमची पोट्टी तो बँडाना म्हणून कॉलेजात मिरवतात. टायची गोष्टही तशीच. सतराव्या शतकात क्रोएशियाचे शिपाई गळ्याला कापड बांधून फ्रान्समध्ये आले, फ्रेंचांना ते आवडलं, आणि त्या कापडाचा आकसत आकसत टाय झाला. म्हणजे चव्वेचाळीस डिग्रीत इलॅस्टिकचा टाय लावून शाळेत जाणारं आमचं लेकरू एक वाळलेला दुपट्टाच गळ्यात घालून जात असतं. फक्त त्यानं घाम पुसता येत नाही.

आता खुद्द दुपट्टा. दु-पट्टा, म्हणजे दोन पट्टे. हातमागावर विणकर एका हातानं धोटा फेकतो आणि दुसऱ्या हातानं झेलतो. त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्याएवढाच. त्याहून रुंद वस्त्र हवं असेल तर दोन पाट जोडून शिवावे लागत. इंग्लंडात १७३३ साली जॉन के नावाच्या माणसानं धावता धोटा काढला, दोरी ओढली की धोटा आपला आपण पलीकडे जाऊ लागला, आणि एकट्या विणकराला रुंद कापड विणता येऊ लागलं. पुढे यंत्रमाग आले. जोड गेला, शिवण गेली, नाव राहिलं. माझ्या पेटीत मधोमध शिवण असलेला एक जुना दुपट्टा आहे. लोक विचारतात, फाटला होता काय? मी म्हणतो, नाही भाऊ, हाच खरा. बाकीचे एकपट्टे आहेत.

या जिल्ह्यात ऊन हे काही बोलायचं निमित्त नसतं, ते अंगावर येणारं प्रकरण असतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तेव्हा खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा. कांद्याचं शास्त्र मला ठाऊक नाही, दुपट्ट्याचं आहे. सुती कापड पाण्यात बुडवून, पिळून डोक्याला बांधलं की त्यातलं पाणी उडत जातं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आमची हवा कोरडी, म्हणून हे काम झपाट्यानं होतं. कूलरचंही तत्त्व तेच. मुंबईच्या दमट हवेत हाच दुपट्टा नुसता चिकटून बसेल. पण त्याला कापड सुतीच हवं. आजकाल दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणून जे देतात त्यात पॉलिस्टर किती हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. कडेचा एक धागा काढायचा आणि काडी लावायची. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. दुकानदार माझ्यावर वैतागतात. एकानं तर मला पाहिलं की काडेपेटी गल्ल्याखाली लपवायला सुरुवात केली आहे.

पेटीतल्या सगळ्या वस्तूंची यादी वाचून दाखवत नाही. त्यातली एक टुकरी मात्र सांगतो. बंजारा बायकांच्या डोक्यावरची ओढणी ती टुकरी. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागात तांडे पुष्कळ. फेटिया, कांचळी आणि टुकरी असा तो पोशाख. आरसे, कवड्या, रंगीत दोऱ्यांचे चौकोन-त्रिकोण. इतकं जड काम की ओढणी वाऱ्यानं हलत नाही, बाई वळली तरच हलते. माझ्याकडची टुकरी एका म्हाताऱ्या याडीनं दिली. मी पैसे देऊ केले तर रागावली. तिच्या सुना आता साड्या नेसतात. शहरांतून व्यापारी येतात, अशी जुनी भरतकामं किलोच्या हिशेबानं घेऊन जातात, आणि त्यांचे उशांचे अभ्रे होतात, पर्स होतात. एका बाईनं वर्षभर दुपारी बसून भरलेलं कापड कोणाच्या तरी दिवाणखान्यात पाठीमागे टेकायला जातं. ही एकच वस्तू मी घालत नाही. ती माझी नाहीच, माझ्याकडे ठेवायला दिली आहे असं मी मानतो.

एक पांढरा रेशमी खाता आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. थंडीत स्वेटर, मफलर विकायला त्यांची माणसं विदर्भातल्या गावोगाव बसतात. पाहुण्याच्या गळ्यात खाता घालणं ही त्यांची रीत. आसामचा लाल काठाचा गामोसा आहे. आणि काळ्या-पांढऱ्या जाळीचा तो अरबी रुमाल आहे, हजहून आलेल्या एका नातेवाइकानं आणलेला. मूळचा तो पॅलेस्टाईनच्या शेतकऱ्यांचा. १९३६ ते ३९ या काळात तिथल्या उठावात तो सगळ्यांच्या डोक्यावर गेला, पुढे यासर अराफत यांच्यामुळे जगाला माहीत झाला. हेब्रॉन गावात १९६१ पासून तो विणणारा एक कारखाना आहे. स्वस्त परदेशी मालानं त्यांचेही माग बंद पाडत आणले होते. आमच्या कोष्ट्या-मोमिनांची कहाणी तिथंही आहे, एवढं ऐकून मला उगाच तिथल्या विणकरांशी नातं जोडल्यासारखं वाटतं.

सत्काराच्या शाली मी या मोजदादीत धरत नाही. कवीला मानधन मिळो न मिळो, शाल आणि श्रीफळ मिळतं. नारळाची चटणी होते. शालीचं काय करायचं? ती ना थंडीची ना उन्हाची. मग ती पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्या कवीच्या खांद्यावर जाते. मला एकदा माझीच शाल परत मिळाली, टाचणीसकट. तरी या रिवाजाची थट्टा मी बेतानं करतो, कारण त्याला मोठी परंपरा आहे. काब इब्न झुहैर हा अरबी कवी. आधी विरोधात होता, मग मदिनेत येऊन त्यानं पैगंबरांसमोर आपलं काव्य म्हटलं, आणि त्यांनी आपल्या खांद्यावरची चादर काढून त्याच्या अंगावर घातली असं परंपरा सांगते. पुढे मुआवियांनी मोठी रक्कम मोजून ती त्याच्या वारसांकडून घेतली म्हणतात. कवीला मिळालेली शाल विकून वारसांचं भलं झालं, असं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. कुरआनातल्या दोन सूरांची नावंही, मुज़म्मिल आणि मुद्दस्सिर, पांघरूण लपेटून घेतलेल्यावरून आहेत. आणि लांब कशाला, आपल्या आर्णीला अरुणावतीच्या काठच्या गावात बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे. कंबलपोश म्हणजे कांबळं पांघरणारा. यात्रेला सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात, आणि नवस फेडायला कापडच घेऊन येतात.

कापसाच्या जिल्ह्यात राहून कापडाची गोष्ट करायची आणि कापसाचं बोलायचं नाही, असं कसं होईल? माझे बहुतेक दुपट्टे सोलापूर, इचलकरंजी, मालेगावकडचे. यवतमाळचा विणलेला म्हणावा असा एकही नाही. इंग्रजांच्या काळात, १९०३ साली, यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. आपली शकुंतला. आता ती धावत नाही. तिचं मुख्य काम आमचा कापूस मोठ्या लायनीपर्यंत, तिथून मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला पोचवायचं. जिनिंग-प्रेसिंग इथं, गाठी इथं, कापड दुसरीकडे. थोडाफार फरक झाला आहे, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचा मोठा कारखाना आहे, पण दुपट्टा काही डेनिमचा होत नाही.

एक हिशेब मी मध्ये सहज मांडला होता. रुईची एक गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. दुपट्टा साधारण दीडशे ग्रॅमचा. वायाचं सूट धरूनही एका गाठीत हजारेक दुपट्टे सहज बसतात. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे पाच क्विंटलचे चाळीस हजार साडेपाचशे, तेही हमीभाव मिळाला तर. आणि मी शेवटचा दुपट्टा घेतला तो एकशेवीस रुपयांना. हजाराचे एक लाख वीस हजार. मधे सूतगिरणी आहे, माग आहे, रंगारी आहे, ट्रक आहे, दुकानदार आहे, सगळ्यांची पोटं आहेत, कबूल. पण आपणच पिकवलेल्या चाळीस रुपयांचे एकशेवीस मोजून तो खांद्यावर घेताना शेतकऱ्याच्या मनात काय येत असेल, हे मला अजून कवितेत नीट सांगता आलेलं नाही.

रंगाचंही आता सोपं राहिलेलं नाही. पूर्वी दुपट्ट्याला मळका आणि धुतलेला असे दोनच रंग होते. आता निवडणूक लागली की भगवे, निळे, हिरवे, पिवळे, तिरंगी काठाचे दुपट्टे गठ्ठ्यांनी येतात. उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात टोपी-दुपट्ट्याचाही दर लागतो. पक्ष बदलला ही बातमीही आता 'गळ्यात दुपट्टा घातला' अशीच छापून येते. मला सगळे रंग आवडतात. पण माझ्या नावाची अडचण होते. शेजारच्या पाटलांनी हिरवा दुपट्टा घेतला तर तो हिरवा रंग असतो, मी घेतला तर तो धर्म होतो. मी भगवा घेतला तर लोक बाजूला घेऊन विचारतात, काय मामू, काही विशेष? विशेष काही नसतं. कापड चांगलं असतं.

आणि पोरींचं बघा. यवतमाळच्या बसस्टँडच्या रस्त्यावर एप्रिल-मेच्या दुपारी उभं राहावं. स्कूटीवरून जाणारी पोरगी डोक्यापासून गळ्यापर्यंत असा काही स्कार्फ बांधते की डोळे तेवढे दिसतात. कोणाची कोण, ओळखू येत नाही. हिंदू, बौद्ध, मुसलमान, जैन, सगळ्या सारख्या. त्याला कोणी हरकत घेत नाही, उलट आयाच सांगतात, नीट बांध गं, काळी पडशील. (उन्हानं चक्कर येईल ही काळजी दुसऱ्या नंबरवर, हे मला खटकतं.) मात्र गाडीवरून उतरून वर्गात गेल्यावर एकीनं तो स्कार्फ डोक्यावर राहू दिला की त्याच कापडाचा प्रश्न होतो. २०२२ च्या सुरुवातीला कर्नाटकात उडुपीला हेच झालं. काही मुली हिजाबात, त्यांच्यासमोर भगव्या शाली घेतलेली मुलं-मुली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं मत दोन बाजूंना पडलं. मी ते फोटो पेपरात पाहिले तेव्हा मला दोन्हीकडची कापडंच आधी दिसली. दोन्ही बहुधा पॉलिस्टरची, बहुधा एकाच मालाच्या बाजारातून आलेली. घरात माझ्या बहिणी डोकं झाकतात, माझी मुलगी झाकत नाही, परीक्षेच्या दिवशी मात्र झाकते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, अब्बा, तुम्ही मुशायऱ्याला जाताना तो शिवणीचाच दुपट्टा का घेता? मी पुढे विचारलं नाही.

दुपट्ट्यानं जीवही घेतले आहेत. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये नीस शहरात मोटारीतून जाताना तिचा लांब स्कार्फ चाकात अडकला आणि ती गेली. आमच्याकडे ते मोटारसायकलच्या मागच्या चाकात होतं, मळणीयंत्रात होतं. मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून जाळी हवी असा नियमच आहे, पण शोभा जाते म्हणून पोट्टे ती काढून टाकतात. थ्रेशरवर सोयाबीन टाकताना दुपट्टा कमरेला घट्ट बांधा किंवा झाडाला टांगा, गळ्यात लोंबता ठेवू नका, हे मी भेटेल त्याला सांगतो. आज रेडिओवरून सांगतो आहे.

पण या जिल्ह्यात दुपट्ट्याची सगळ्यात वाईट आठवण २०१७ ची. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, दाट झाली होती. बोंडअळीची धास्ती होती. फवारणीवर फवारणी, दोन-तीन औषधं एकत्र करून, नव्या पंपांचा बारीक आणि जोराचा फवारा. झाड डोक्याएवढं असल्यावर फवारा पायाकडे जात नाही, तोंडावर येतो. आणि तोंडावर काय होतं? दुपट्टा. शेकडो मजूर-शेतकरी दवाखान्यांत भरती झाले, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा पुरेनात. जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं दगावली. कोणाला दिसेनासं झालं, कोणी उलट्या करत बेशुद्ध पडलं. सरकारनं चौकशी बसवली, काही औषधांवर काही काळ बंदी घातली.

जे कापड धूळ अडवतं, ऊन अडवतं, ते विष अडवत नाही, ते विष पितं. भिजलेला दुपट्टा नाकातोंडाला तासन्‌तास चिकटून राहतो आणि औषध कातडीतून आत जात राहतं. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा सांगतात ते हेच, की अंगावरचे कपडे आधी काढा, साबणानं अंग धुवा, मग दवाखान्यात आणा, आणि औषधाचा डबा सोबत आणा.

आमच्या ओळखीचा एक मजूर त्यात वाचला. बारा दिवस दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं सांगितलं, तो दुपट्टा तिनं धुतला नाही, जाळलाही नाही. धुराची भीती वाटली म्हणून लांब पडीत जागेत खड्डा करून पुरला. लग्नातला होता तो, माहेरचा आहेर.

आता फवारणीच्या दिवसांत कृषी खात्याकडून किट मिळतं. मास्क, चष्मा, हातमोजे, अॅप्रन. भादव्याच्या दमट उकाड्यात ते घालून चार एकर चालून दाखवा, म्हणजे लोक का घालत नाहीत ते कळेल. तो मजूर मात्र घालतो. पुढच्या हंगामाला त्याच्या गावी गेलो तेव्हा माझ्या पेटीतला सोलापुरी चौकडीचा एक दुपट्टा नेला होता. त्यानं तो घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि फवारणीला जाताना धुऱ्यावरच्या बाभळीला टांगून ठेवला. मास्क लावून तासात गेला. दोन तासांनी आला, पंप उतरवला, हातमोजे काढले, बादलीतल्या पाण्यानं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं. मग बाभळीवरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "भाऊ, कापड बरं हाये. अजून एक भेटते का? हिला पाहिजे म्हन्ते."